सातेरीच्या पेटीतला पहिला मध: आत्ता काढू की थांबू, आणि ठेवू कशात?

शेवगा_बावधन

नमस्कार मंडळी, आमच्या घरामागे सातेरीची, म्हणजे आपल्याकडच्या देशी मधमाश्यांची, एक पेटी आहे, पावसाळा संपल्यावर बसवली होती आणि वसाहत छान वाढलीय. आजूबाजूला शेवगा, कढीपत्ता, करंज आणि दोन मोठी जांभळं आहेत त्यामुळे माश्यांना खायला कमी नाही. मार्चमध्ये वरती मधकोठी (मध साठवायचा वरचा कप्पा) चढवली, आता ती चांगलीच जड लागतेय. काल संध्याकाळी झाकण काढून बघितलं तर मधल्या फ्रेमचा (पोळं बांधलेल्या लाकडी चौकटीचा) वरचा भाग पांढऱ्या मेणाने बंद झालाय पण खालची घरं उघडीच आहेत, आत मध चमकताना दिसतो. कडेच्या फ्रेम तर जवळजवळ सगळ्या उघड्या.

सासरे म्हणतात वळीव यायच्या आत सगळा काढून घ्या, नाहीतर माश्याच खाऊन टाकतील. मला घाई करावीशी वाटत नाही कारण नणंदेकडून गेल्या जूनमध्ये आलेली बाटली दोन-तीन महिन्यांत बिघडली, झाकण उघडलं की फस्स व्हायचं, वर फेस आणि वास आंबूस. मध शंभर टक्के शुद्ध होता, माझ्यासमोर पोळ्यातून काढलेला, मग असं का व्हावं?

मधयंत्र, म्हणजे फ्रेम गरागरा फिरवून मध बाहेर काढायचं यंत्र, आमच्याकडे नाही. एका पेटीसाठी विकत घ्यावं का, की हाताने काढता येतो? आणि ठेवायचा कशात, काचेच्या बरण्या आहेत, स्टीलचे डबे आहेत, आईची लोणच्याची चिनी मातीची बरणी पण आहे. पहिला मध जावेच्या बाळाच्या बारशाला द्यायचा असं घरात ठरलंय त्यामुळे नीट व्हावा असं फार वाटतं.

सातेरी_आणि_मी

ताई, सगळ्यात आधी नणंदेच्या बाटलीचं सांगतो कारण तुमच्या बाकीच्या प्रश्नांचं उत्तर त्यातच आहे. तो मध शुद्धच होता, पण कच्चा होता. फुलातून माशी जो मकरंद आणते त्यात निम्म्याहून जास्त पाणी असू शकतं. पेटीत आल्यावर माश्या तो एकमेकींच्या तोंडातून फिरवतात, घरांमध्ये पसरवून ठेवतात आणि पंखांनी वारा घालून घालून पाणी उडवतात. पाणी पुरेसं कमी झालं की मगच त्या घरावर मेणाचं झाकण घालतात. म्हणजे ते पांढरं झाकण ही माश्यांनी दिलेली पावती आहे की मध पिकला. उघड्या घरातला मध दिसायला तसाच असतो पण त्यात पाणी जास्त, आणि मधात नैसर्गिकरीत्या असलेल्या यीस्टला वाढायला तेवढं पाणी पुरतं. मग फेस, वायू, आंबूस वास. आपल्याकडे अन्नसुरक्षेच्या नियमातही मधातल्या पाण्याची मर्यादा २० टक्के आहे. सातेरीचा मध मेलिफेराच्या (पेट्यांत पाळतात त्या परदेशी माशीच्या) मधापेक्षा मुळातच थोडा पातळ असतो, त्यामुळे आपल्याला तर जास्तच सांभाळावं लागतं.

तेव्हा आत्ता काढू नका. फ्रेमचा निदान तीन चतुर्थांश भाग बंद झाला की ती फ्रेम घ्यायची, बाकीच्या तशाच राहू द्यायच्या. एकाच दिवशी सगळी कोठी रिकामी केली पाहिजे असं कुठे आहे? शंका असेल तर फ्रेम आडवी धरून खाली एक हलका झटका द्या, उघड्या घरांतून थेंब उडाले तर मध पिकलेला नाही. आणि एक बघायचं, सातेरीची राणी कधीकधी वरच्या कोठीतही अंडी घालते. मधाचं झाकण पांढरट आणि सपाट असतं, पिल्लांचं तपकिरी आणि किंचित फुगीर. पिल्लं असलेली फ्रेम अजिबात काढायची नाही.

सासऱ्यांचं म्हणणं चूक नाही, पाऊस लागला की माश्या साठवलेलाच मध खातात, पण तो त्यांनी त्यासाठीच साठवलेला असतो हे पण खरं. वरच्या कोठीतला घ्या, खालच्या शिशुकोठीत (पिल्लं वाढतात त्या कप्प्यात) फ्रेमच्या वरच्या कडेला जो मध असतो त्याला हात लावू नका. जून ते सप्टेंबर आपल्या भागात सातेरीला बाहेर फारसं मिळत नाही आणि पोटाला नसेल तर ही माशी पेटी सोडून सरळ निघून जाते. सातेरीची एक वसाहत चांगल्या ठिकाणी वर्षाला पाच ते आठ किलो देते, त्याहून जास्तीची अपेक्षा ठेवून शिशुकोठी ओरबाडणारे लोक मी बघितलेत आणि दिवाळीला त्यांच्या पेट्या रिकाम्या असतात, फार वाईट वाटतं बघून.

वेल्हे_कट्टा

वरच्या सगळ्याला अनुमोदन. यंत्राबद्दल सांगतो. एका पेटीसाठी विकत घेऊ नका, आसपास कोणी पेट्या ठेवणारं असेल तर दोघातिघांत एक पुरतं. यंत्राचा खरा फायदा असा की पोळं मोडत नाही. मेण तयार करायला माश्यांना भरपूर मध खावा लागतो, एक किलो मेणामागे सहा ते आठ किलो मध असा अंदाज सांगतात, त्यामुळे रिकामं पोळं शाबूत परत मिळालं की त्या लगेच भरायला लागतात.

यंत्र मिळालंच नाही तर फ्रेममधला फक्त बंद झालेला भाग सुरीने कापून घ्या. स्टीलच्या पातेल्यावर मोठी गाळणी ठेवा, त्यात पोळ्याचे तुकडे टाकून सुरीनेच बारीक करा आणि वरून स्वच्छ कापड झाकून रात्रभर निथळू द्या. हाताने पिळू नका. पिळलं की परागकणांचा लगदा, मेणाचा चुरा सगळं उतरतं, मध गढूळ होतो, आणि हाताचं पाणी लागतं ते वेगळंच. फ्रेमच्या वरच्या पट्टीला बोटभर रुंदीचं पोळं ठेवून द्या म्हणजे माश्या तिथून सरळ खाली बांधत येतात.

यंत्र असेल तर झाकणं काढायला लांब सुरी गरम पाण्यात बुडवायची, पुसून कोरडी करायची आणि मग खालून वर अलगद फिरवायची. पुसायचं विसरतात लोक. यंत्र सावकाश फिरवा, सातेरीचं नवं पोळं नाजूक असतं, जोरात फिरवलं तर जाळीवरच तुटतं.

काम घरात, दारं खिडक्या बंद करून करा. अंगणात मध उघडा ठेवला की अर्ध्या तासात सगळ्या परिसरातल्या माश्या हजर आणि मग लुटालूट चालू होते, ती थांबवणं फार अवघड. फ्रेम काढताना धूर अगदी थोडा, गोणपाट किंवा नारळाची शेंडी जाळून, कारण मध धुराचा वास पटकन धरतो. माश्या मऊ ब्रशने झाडायच्या, सातेरी तशी गरीब असते पण मानेजवळ सैल केस, काळे कपडे, अत्तर हे टाळा. चावलीच तर काटा नखाने खरवडून लगेच काढा. अंगभर गांधी उठल्या, चक्कर आली किंवा श्वास लागला तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना.

मावशी_सहकारनगर

बाकीचं वरच्यांनी छान लिहिलंय, मी बारशाबद्दल लिहायला आले. ताई, रागावू नका पण बाळाला मध चाटवू नका. आपल्याकडे जन्मल्यावर सोनं उगाळून मधातून चाटवायची पद्धत आहे, आमच्या घरातही होती, पण एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही असं बालरोगतज्ज्ञ सांगतात आणि ते अगदी बरोबर आहे. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या पोटात ते वाढत नाहीत, तान्ह्या बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करू शकतात. मध किती शुद्ध, घरचा की बाहेरचा याचा इथे काही संबंध नाही, आणि उकळूनही ते बीजाणू मरत नाहीत. घरातल्या मोठ्यांना हे शांतपणे आधीच सांगून ठेवा, ऐन समारंभात वाद नको. बाळंतिणीने खायला हरकत नाही, तिच्यासाठी बरणी द्या की छान सजवून.

आता साठवण्याबद्दल. काचेची बरणी सगळ्यात उत्तम. धुऊन उन्हात पूर्ण कोरडी करा, झाकणाच्या आट्यांमध्येसुद्धा पाण्याचा थेंब नको. चांगलं स्टील चालतं. लोखंड, तांबं, पितळ, गॅल्व्हनाइज्ड डबा नको कारण मध आम्लधर्मी असतो. लोणच्याची बरणी मी तरी वापरणार नाही, कितीही धुवा, हिंगमोहरीचा वास राहतोच आणि वरचं झाकण हवाबंद नसतं. मध जड असतो, एक लिटरच्या बाटलीत साधारण एक किलो चारशे ग्रॅम बसतो, त्या हिशोबाने बरण्या काढून ठेवा.

शेवगा_बावधन

मावशी, रागावते कशाला, बरं झालं सांगितलंत. जावेशी आजच बोलले, तिच्या डॉक्टरांनीही हेच सांगितलं होतं पण तिला घरात बोलायचा संकोच वाटत होता.

अजून दोन गोष्टी विचारते. गाळल्यावर लगेच बाटलीत भरायचा का? आणि फ्रिजमध्ये ठेवायचा का, कारण ऑफिसातला एक जण म्हणाला घरचा मध खाली साखरेसारखा बसतो आणि बसला की समजायचं भेसळ आहे, पाण्यात थेंब टाकून बघायचं वगैरे.

सातेरी_आणि_मी

लगेच भरू नका. उंच भांड्यात झाकून दोन दिवस ठेवा, मेणाचे कण आणि हवेचे बुडबुडे फेस होऊन वर येतात, तो चमच्याने काढून घ्या (खायला चांगला असतो, टाकू नका) आणि मग बरण्या काठोकाठ भरा. हे सगळं एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत करायचं याला कारण आहे. मध हवेतलं पाणी ओढून घेतो, हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की चांगला पिकलेला मधसुद्धा उघडा ठेवला तर पातळ व्हायला लागतो. पुण्यात मे महिन्यातली दुपार कोरडी असते, जुलैत मात्र सतत ओल, त्यामुळे पावसाळ्यात मोठी बरणी रोज उघडू नका, रोजच्यासाठी छोटी बाटली वेगळी आणि चमचा कोरडा. नणंदेने जूनमध्ये काढला असेल तर तिथेही हेच झालं असणार, उघडी घरं आणि वरून ओली हवा.

साखर बसण्याचं म्हणाल तर ती भेसळीची खूण नाही हो. मधात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही असतात, ग्लुकोजचे स्फटिक होतात एवढंच. कोणत्या फुलाचा मध यावर ते लवकर की उशिरा हे ठरतं, सूर्यफूल आणि मोहरीचा मध फार पटकन रवाळ होतो. साधारण १४ अंशाच्या आसपास हे सगळ्यात जोरात होतं म्हणून पुण्याच्या थंडीत डिसेंबर-जानेवारीत बरण्या बसतात. फ्रिजची गरजच नाही, ओट्याखाली अंधाऱ्या कपाटात ठेवा, गॅसजवळ नको. पाण्यात थेंब, काडी पेटवून बघणं, कुत्रा हुंगतो का, या कशावरही शुद्धता ठरत नाही. पाण्याचं प्रमाण रिफ्रॅक्टोमीटरने कळतं, काचेवर एक थेंब टाकून उजेडाकडे धरलं की आकडा दिसतो. भेसळ प्रयोगशाळेतच कळते.

रवाळ मध तसाच खा, पोळीवर छान लागतो. पातळच हवा असेल तर बरणी कोमट पाण्यात ठेवा, पाणी ४० अंशाच्या फार वर नको, बोट आरामात बुडवता आलं पाहिजे. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये मुळीच नाही, वास आणि चव दोन्ही जातात. फक्त खाली रवा आणि वर पाणचट थर असं दिसलं तर ती बरणी आधी संपवा, वरच्या थरात पाणी जास्त असतं आणि तो आंबू शकतो.

शिकायचं असेल तर गणेशखिंड रोडला केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आहे, खादी ग्रामोद्योग आयोगाची, १९६२ पासूनची. पुण्यात राहून तिथे चौकशी न करणं म्हणजे घरची गंगा सोडणं. आणि महाबळेश्वरला जाल तेव्हा मांघर बघा, २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं ते, तिथली माणसं सातेरीबद्दल जे जाणतात ते ऐकण्यासारखं आहे.

वेल्हे_कट्टा

एक राहिलं. मधकोठी वर असेपर्यंत साखरपाणी देऊ नका, माश्या तेच कोठीत भरतात आणि मग तुम्ही साखरेचा पाक मध म्हणून लोकांना देता. पावसाळ्यात कोठी उतरवल्यावर गरज असेल तर साखर आणि पाणी समप्रमाणात, संध्याकाळी, पेटीच्या आत.

यंत्रातून निघालेल्या ओल्या फ्रेम अंधार पडताना परत ठेवा, माश्या चाटून साफ करतात. जूनमध्ये त्या काढून साठवायच्या तेव्हा मेणकिडा (पोळ्याचं मेण खाणारी अळी) लागतो, काळोखात बंद पिशवीत ठेवल्या तर जाळ्यांनी भरून जातात. एक-दोन दिवस डीप फ्रीजरमध्ये ठेवा म्हणजे अंडीसुद्धा मरतात, मग कोरड्या करून घट्ट बंद डब्यात. डांबरगोळ्या टाकू नका, मेण तो वास शोषून घेतं आणि पुढच्या वर्षीच्या मधात उतरतो.

शेवगा_बावधन

डीप फ्रीजर आमच्याकडे नाही, पण कोपऱ्यावरच्या आइस्क्रीमवाल्या काकांशी ओळख आहे, विचारते. कडेच्या फ्रेम तशाच ठेवतेय, मधल्या दोन भरत आल्या आहेत, त्या बंद झाल्या की तेवढ्याच काढू. वारजे, बावधन, कोथरूड भागात कोणाकडे मधयंत्र असेल आणि एका दुपारी वापरू देणार असाल तर कृपया इथेच कळवा, धुऊन पुसून परत आणून देईन.