मदत हवी आहे : हॅमिल्टनच्या पत्रांचा १८०१ मध्ये खरोखर परिणाम झाला का?

सप्रेम नमस्कार. अमेरिकेच्या स्थापनेच्या काळातले नेते अलेक्झांडर हॅमिल्टन आणि थॉमस जेफरसन यांच्या वैरावर आमच्या वाचक मंडळात मला एक टिपण वाचायचे असून, एका मुद्द्यावर जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. कॅरिबियन बेटावर कारकुनी करून वर आलेला, बोलायला वा लिहायला लागला की आवरता न येणारा हॅमिल्टन आणि व्हर्जिनियातला जमीनदार, जाहीर भाषण शक्यतो टाळून पडद्याआडून सूत्रे हलवणारा जेफरसन, हे दोघे अध्यक्ष वॉशिंग्टनच्या मंत्रिमंडळात एकत्र बसत. १७९१ च्या राष्ट्रीय बँकेवरून त्यांचे चांगलेच फाटले. तरीही १८०० च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत जेफरसन आणि त्याच्याच पक्षाचा ॲरन बर यांना प्रत्येकी ७३ मते पडून निवड प्रतिनिधिगृहाकडे गेल्यावर हॅमिल्टनने आपल्याच फेडरलिस्ट (जेफरसनविरोधी) पक्षातल्या सहकाऱ्यांना पत्रांमागून पत्रे लिहून जेफरसनची बाजू घेतली. प्रतिनिधिगृहातील कोंडी मात्र ३६ व्या फेरीत, डेलावेअर राज्याचा फेडरलिस्ट प्रतिनिधी जेम्स बेयर्ड याने बरचा पाठिंबा सोडल्यावरच फुटली. तेव्हा ती पत्रे निर्णायक ठरली, की बेयर्डचे हिशेब निराळेच होते? बेयर्डच्या पत्रव्यवहाराचा कोणी अभ्यास केला असल्यास कृपया सविस्तर लिहावे.