ऑनलाइन गेम बंद होतोय : आईचं रान, फळ्यावरची यादी आणि तासगावकडचा एक माणूस (मदत हवी आहे)

गावभाग :

नमस्कार मंडळी. मी सांगलीची, मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब बघते. इथे नेहमी वाचायला येते, धागा पहिल्यांदाच काढतेय. दिवस थोडे आहेत म्हणून थेट विचारते.

आई आणि मी २०१७ पासून फोनवर शेतीचा एक ऑनलाइन गेम खेळतो. गेमचं आणि कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गेल्या सोमवारी गेम उघडला तर शेत दिसायच्या आधी पाटी आली. ६० दिवसांनी सेवा बंद, खरेदी आजपासूनच बंद, आजवरच्या साथीबद्दल आभार. कारण एका शब्दाने दिलेलं नाही. आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "मग माझ्या रानाचं काय करणार ते?" मला काही सांगता आलं नाही.

आई ६८ वर्षांची आहे. कृष्णाकाठचं आमचं दीड एकर २०१४ साली विकलं. नंतर तिचे गुडघे गेले. या गेममध्ये हळद नाही, म्हणून ती आलं लावते आणि त्यालाच हळद म्हणते. खरी हळद अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लावली की काढायला संक्रांत उलटते, मग शिजवणं, वाळवणं, पॉलिश. इथे आठ तासांत पीक तयार. सकाळचा चहा झाला की चष्मा लावून ती एका बोटाने एकेक वाफा भिजवते. सगळ्यांना एकदम पाणी द्यायचं बटण आहे, ते तिने एकदाही दाबलेलं नाही.

आता महत्त्वाचं. आमचा चौदा जणांचा गट आहे, नाव 'आयर्विन'. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. आम्ही हाताला लागेल ते घेऊन विश्रामबागला मावशीकडे गेलो. गटातल्या निम्म्या जणांचे नंबर कुणाकडेच नव्हते, ओळख सगळी गेममधली. माझ्या धाकट्या भावाने पुण्यात बसून गटाच्या फळ्यावर यादी लिहायला घेतली. कोण कुठे आहे, कुणाचा फोन बंद, कुणाला औषध हवंय. त्या यादीखाली 'काळी माती' नावाच्या आयडीने लिहिलं होतं : "टेम्पो निघतोय. भाकरी २००, चटणी, पाणी. विश्रामबागचा पत्ता टाका."

टेम्पो आला. भाकरी जुन्या सुती लुगड्यात बांधलेल्या होत्या, अजून कोमट होत्या. ड्रायव्हर एवढंच म्हणाला की तासगावकडून मालकांनी पाठवल्यात. त्या गडबडीत मालकांचं नाव विचारायचं राहिलं. काळी माती त्यानंतरही खेळत राहिला. ऑक्टोबर आला की "छाटणी आहे, येत नाही" असं लिहून महिनाभर गायब व्हायचा, त्यावरून द्राक्षबागायतदार असावा. २०२२ नंतर तो आलेलाच नाही. गेममध्ये दुसऱ्याच्या शेताला पाणी घालता येतं. आई रोज आपलं झालं की त्याचं भिजवते.

तर मला तीन गोष्टींत मदत हवी आहे. आम्ही खेळतोय, पैसेही भरतोय, मग असा चालता गेम बंद का करतात? पाटी यायच्या दहा दिवस आधी गेममध्ये वापरायचे ८९० रुपयांचे हिरे घेतले होते, त्यातला एकही वापरला नाही, ते पैसे मिळतील का? आणि फळ्यावरची ती यादी कशी जपायची, काळी मातीपर्यंत कसं पोचायचं? गेम बंद झाला की त्याच्यापर्यंत जायचा हा एकच रस्ता आहे, तोही मिटतो.

वाईकर :

ताई, मी मूळ वाईचा, पुण्यात सर्व्हरच्या देखभालीचं काम करतो. गेमच्या कंपनीतही तीन वर्षं होतो. पहिल्या प्रश्नाचं सांगतो.

गेम आपल्या फोनमध्ये आहे असं वाटतं, पण फोनमध्ये असतात ती फक्त चित्रं आणि आवाज. आईंनी किती वाफे लावले, फळ्यावर काय लिहिलंय, हे सगळं कंपनीच्या भाड्याच्या मशीनवर, म्हणजे सर्व्हरवर असतं. तुमच्या यार्डातल्या गाळ्यासारखं धरा. गिऱ्हाईक दहा आलं काय, हजार आलं काय, गाळ्याचं भाडं, वॉचमन, लाइट चुकत नाही. मशीनपेक्षा माणसं महाग पडतात. तक्रारींना उत्तर देणारे, चोरून हिरे बनवणाऱ्यांना पकडणारे, चॅटमधल्या शिव्या काढणारे. शिवाय अँड्रॉइड दरवर्षी बदलतं आणि त्याप्रमाणे गेम सुधारून दिला नाही तर नव्या फोनवाल्यांना तो प्ले स्टोअरमध्ये दिसेनासा होतो. ऑगस्ट २०१९ पासून गूगलने ६४ बिटचा कोड सक्तीचा केला तेव्हा आमच्याकडे एका जुन्या गेमवर चार जण कित्येक आठवडे अडकले होते. खेळणाऱ्याला त्यातलं काही दिसलं नाही, पगार मात्र गेले.

फुकट गेममध्ये पैसे भरणारे मूठभर असतात, बाकी सगळे फुकट खेळतात. ते मूठभर कमी झाले की हिशेब उलटा फिरतो. आणि ऐकायला वाईट वाटेल, पण तोट्यात नसलेला गेमही बंद होतो. तीच आठ माणसं नव्या गेमवर लावली तर जास्त मिळेल असं वरच्याला वाटलं की संपलं.

काही वेळा कारण बाहेरचं असतं. फार्मव्हिल आठवत असेल. जून २००९ मध्ये फेसबुकवर आला, घरोघरी खेळला गेला. तो ॲडोबी कंपनीच्या फ्लॅश या सॉफ्टवेअरवर चालायचा. ॲडोबीने फ्लॅशचा आधार काढला आणि ३१ डिसेंबर २०२० ला फार्मव्हिल बंद झाला. काही वेळा परवाने अडतात. गाड्या, गाणी, सिनेमातली पात्रं ठरावीक मुदतीसाठी भाड्याने घेतलेली असतात. युबिसॉफ्टचा द क्रू हा गाड्यांचा गेम डिसेंबर २०१४ चा, लोकांनी दुकानातून विकत घेतलेला. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले आणि एकट्याने खेळायचा भागसुद्धा चालेना. सर्व्हर आणि परवाने अशी कारणं कंपनीने दिली. त्यावर लोक खवळले. रॉस स्कॉट या यूट्यूबरने 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम काढली आणि युरोपातल्या त्यांच्या अर्जाने जुलै २०२५ मध्ये दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. सर्व्हर कायम चालवा असं त्यांचं म्हणणंच नाही. बंद करताना गेम खेळता येईल अशा अवस्थेत सोडून जा, एवढं मागतात. मला ते रास्त वाटतं. मात्र पंधरा वर्षांपूर्वी लिहिलेल्या गेमला ते मागाहून जोडणं सोपं नाही, हेही आतून पाहिलंय. लॉगिन पाच गेमना सामाईक असतं, निम्मा कोड दुसऱ्यांकडून परवान्यावर घेतलेला असतो, तो तसाच खेळाडूंच्या हाती देता येत नाही.

कोयनाकाठ :

कुणाचं मन दुखवायचं नाही, पण गेम फुकट होता. सात-आठ वर्षं खेळलात, आनंद मिळाला. बंद करायचा त्यांना हक्क आहे. २०२२ च्या जुलैत बीजीएमआय (पबजीचा भारतातला अवतार) प्ले स्टोअरवरून गेला तेव्हा आमच्याकडे कऱ्हाडला मुलगा दोन दिवस जेवला नाही. पुढच्या मेमध्ये तो गेम परत आला, तोवर ह्याचं लक्ष क्रिकेटकडे गेलं होतं. आईंनाही हळूहळू सवय होईल.

गावभाग :

कोयनाकाठ दादा, बंद करायचा हक्क मी नाकारत नाही. आमचं दुकान उद्या शेठनी बंद केलं तर मी काय करणार? पण दुकान बंद करताना शेतकऱ्याची पट्टी चुकती करतात, कुणाची पोती पडून असतील तर घेऊन जा म्हणून निरोप देतात. आमची पोती आत आहेत. तेवढी काढू द्या, एवढंच म्हणणं आहे. आणि सवयीचं म्हणाल तर आईने खरं रान सोडलं तेव्हाही लोक हेच म्हणाले होते.

वाईकर दादा, इतक्या वर्षांत कुणी मला एवढं समजावून सांगितलं नव्हतं. आईला गाळ्याचं उदाहरण लगेच पटलं.

मिरज जंक्शन :

पैशांचं मी सांगते, ग्राहक तक्रारींचं काम करते.

ताई, आधी हे लक्षात घ्या की हिरे, शेत, घर यांची मालकी आपल्याला कधी मिळतच नाही, वापरायचा परवाना मिळतो. अटी मान्य करताना आपण त्यालाच होकार देतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने तर १ जानेवारी २०२५ पासून कायदाच लागू केलाय की डिजिटल वस्तू विकताना हा परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागेल. म्हणून आठ वर्षांत खर्च केलेलं मागू नका, ते मिळायचं नाही. न वापरलेले, नुकतेच घेतलेले हिरे हा वेगळा मुद्दा आहे आणि त्यात जोर आहे. बंद करायचं ठरलेलं असताना विक्री चालू ठेवली का, हे विचारा.

गूगलकडे थेट परतावा मागायची मुदत साधारण ४८ तासांची, ती गेली. आता गेम बनवणाऱ्यांनाच लिहा. ईमेलवर पावती आली असेल, तिच्यावर जीपीए ने सुरू होणारा ऑर्डर क्रमांक असतो. तो, यूपीआयची नोंद, शिल्लक हिऱ्यांचा स्क्रीनशॉट आणि पाटीचा स्क्रीनशॉट, चारही जोडा. भाषा साधी ठेवा, मुदत द्या. उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्याच्याही पुढे सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनी कुठेही असो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, दोन वर्षांच्या आत करायची. ८९० रुपयांसाठी तिथवर जावं की नाही हे तुम्ही ठरवा, पण ईमेल नक्की करा. कंपन्या पैसे परत देतच नाहीत असं नाही. सोनीने कॉन्कॉर्ड हा गेम २३ ऑगस्ट २०२४ ला आणून ६ सप्टेंबरला बंद केला, तेव्हा घेणाऱ्यांना पैसे परत केले होते.

आणि एक कळकळीने सांगते. गेम बंद होणार अशी बातमी पसरली की टेलिग्रामवर लिंक फिरायला लागतात. "हिरे परत मिळवा", "खाजगी सर्व्हरवर तुमचं शेत हलवा". त्यातलं ॲप टाकलं की बँकेचे मेसेज वाचायची परवानगी मागतं. गेल्या वर्षी माझ्याकडे अशी दोन माणसं आली होती, एकाचा अख्खा पगार गेला होता. आईंच्या फोनवर असं काही येऊ देऊ नका.

वाईकर :

मिरज ताईंच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून : चाहत्यांनी चालवलेला सर्व्हर खरा असू शकतो, पण क्वचितच. सिटी ऑफ हीरोज नावाचा गेम २००४ चा. तो बंद करायची घोषणा झाली तेव्हा खेळाडू गेममधल्याच एका चौकात निषेधाला जमले होते. तरी ३० नोव्हेंबर २०१२ ला तो बंद झाला. काही जणांनी गुपचूप सर्व्हर चालवत ठेवला होता, ते २०१९ मध्ये उघड झालं आणि जानेवारी २०२४ मध्ये मूळ कंपनीने होमकमिंग या चाहत्यांच्या गटाला रीतसर परवाना दिला. अकरा वर्षं लागली. छोट्या मोबाइल गेमच्या बाबतीत त्यावर विसंबू नका, यादी आजच काढा.

फळ्यावरच्या एकेका चिठ्ठीवर जाऊन स्क्रीनशॉट घ्या, तारीख आणि आयडी दिसला पाहिजे. अँड्रॉइड ११ पासून पुढच्या फोनवर स्क्रीन रेकॉर्डिंग आतच असतं. ते चालू करा आणि आईंना नेहमीसारखं खेळू द्या. सगळं शेत फिरून, बोलत बोलत. आवाज माइकवरून घ्यायचा पर्याय निवडा. चित्रांपेक्षा तो व्हिडिओ जास्त मोलाचा ठरेल. फायली दोन ठिकाणी ठेवा.

काळी मातीचं : कंपनी त्यांचा ईमेल तुम्हाला देणार नाही, देऊही नये. पण तुमचा निरोप त्यांच्याकडे पोचवा, अशी विनंती करता येते. आमच्याकडे सपोर्टवाले असे निरोप क्वचित, पण पाठवायचे. पूर आणि भाकरीचं खरंखरं लिहा, पलीकडे वाचणारं माणूसच असतं. त्यांच्या शेताच्या फाटकावर पाटी लावायची सोय असेल तर तिथेही लिहा, फक्त स्वतःचा नंबर उघड्यावर टाकू नका.

गावभाग (अपडेट) :

आता एकोणीस दिवस उरलेत म्हणून काय झालं ते लिहिते.

यादीच्या सगळ्या चिठ्ठ्या निघाल्या, एकतीस. मारुती रोडवर फोटोच्या दुकानात छापून घेतल्या. भावाच्या हातच्या तीन चिठ्ठ्यांत 'आई सुखरूप' असं पुन्हा पुन्हा लिहिलंय, तेव्हा माझ्या लक्षातच आलं नव्हतं. व्हिडिओ चाळीस मिनिटांचा झाला. त्यात आई कुठला वाफा कधी घेतला, त्या दिवशी घरी काय होतं, हे सांगत जाते. मावशीचं ऑपरेशन, माझी नोकरी, सगळं त्या वाफ्यांवरून.

कंपनीचं उत्तर आठव्या दिवशी आलं. शेवटच्या ३० दिवसांत घेतलेल्या आणि न वापरलेल्या हिऱ्यांचे पैसे परत करणार आहेत, तसं सगळ्यांनाच कळवणार म्हणे. ८९० रुपये परवा जमा झाले. मिरज जंक्शन ताई, तुम्ही सांगितलं तसंच चारही कागद जोडले होते. निरोपाच्या विनंतीवर वेगळं ईमेल आलं, खाली एका मुलीचं नाव होतं. त्या खात्याला जोडलेल्या पत्त्यावर एकदा पाठवलाय, पुढे त्यांच्या हातात नाही, असं तिने लिहिलं.

अजून काही आलेलं नाही. फाटकावर आईने सांगितलं तसं लिहिलंय : "आयर्विन गटातली आई बोलतेय. भाकरी पोचल्या होत्या. गेम बंद व्हायच्या आत एकदा या."

तासगाव, सावळज, मणेराजुरी, कवठेमहांकाळ या भागातलं कुणी वाचत असेल तर कृपा करून आपल्याकडे विचारा. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीला विश्रामबागेत टेम्पो पाठवणारा, २०० भाकरी, फोनवर शेतीचा गेम खेळणारा द्राक्षबागायतदार. नाव सापडलं तर इथे जाहीर लिहू नका, मला व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा.

आणि गेम खेळणाऱ्यांना आईचा एक प्रश्न आहे, तिने विचारायला सांगितलाय म्हणून लिहिते. शेवटच्या दिवशी सकाळी साडेअकराला सर्व्हर बंद होतोय. पीक काढून रान मोकळं करून ठेवायचं, की उभं ठेवायचं? तिचं मन उभं ठेवायचं आहे, आणि काळी मातीच्या रानातही त्या दिवशी पहाटे उठून आलं लावायचं म्हणतेय.