पुस्तक प्रुफांवर घडलं

लेखकाचं हस्तलिखित जपलं की झालं, प्रकाशकाची प्रुफं (छपाईआधी तपासायला काढलेली पानं) आणि पावत्या कशाला जपायच्या, असं काही जण म्हणतात; हे मत मला अजिबात पटत नाही. आयरिश लेखक जेम्स जॉइसची कादंबरी 'युलिसिस'च घ्या. पॅरिसमध्ये पुस्तकांचं दुकान चालवणाऱ्या सिल्व्हिया बीच यांनी ती १९२२ मध्ये प्रकाशित केली, आगाऊ नोंदणी घेऊन. प्रती १००० आणि सगळ्यात स्वस्त प्रत १५० फ्रँकची. फ्रान्समधल्याच दिजाँ शहरातल्या छापखान्यातून प्रुफं यायची आणि जॉइस समासात मजकूर वाढवत बसायचा. जवळजवळ एक तृतीयांश पुस्तक असं प्रुफांवरच लिहिलं गेलं! आधीच्या हस्तलिखितात ते सापडणार कुठून?

बीचबाईंची कागदपत्रं आता प्रिन्स्टन विद्यापीठात आहेत, त्या दुकानातच चालवत असलेल्या वाचनालयाच्या कार्डांसकट. अमेरिकन लेखक हेमिंग्वेनं कोणती पुस्तकं वाचायला नेली, हेही त्यांवरून कळतं. ही कार्डं रद्दीत गेली असती तर, या विचारानंच पोटात गोळा येतो.