थोराड म्हणजे अंगाने मोठा की वयाने?

गोदाकाठ : एका हिंदी कथेचा अनुवाद करीत आहे. तीत अकरा वर्षांचा एक मुलगा आहे, पण पाहणाऱ्याला तो पंधरा-सोळाचा वाटतो आणि त्यामुळे बसमध्ये त्याला अर्धे तिकीट नाकारले जाते. मी ‘थोराड मुलगा’ असे लिहिले. विदर्भातील एका स्नेह्यांनी ते खोडले. त्यांच्या मते थोराड म्हणजे केवळ हाडापेराने मोठा, वयाचा त्याच्याशी संबंध नाही. माझी आजी मात्र हा शब्द वयाच्याच अर्थाने वापरीत असे. आपला अनुभव काय?

ओसरी : आमच्याकडे साताऱ्यात स्थळ पाहून आल्यावर ‘मुलगी जरा थोराड वाटते’ असे म्हणत, आणि मुलाशेजारी ती वयाने मोठी दिसेल असाच त्याचा अर्थ असे. नुसत्या अंगकाठीबद्दल बोलायचे असते तर ‘उफाड्याची’ म्हटले असते. ‘थोर’ हा शब्द ‘स्थविर’ (म्हणजे वृद्ध) वरून आला असावा, असे मला फार दिवसांपासून वाटते.

ताम्रपट : ही व्युत्पत्ती टिकत नाही. हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात ‘स्थूल’चे ‘थोर’ होते. ‘स्थविर’चे होते ‘थेर’, आणि तो आपल्याकडे ‘थेरडा’ या हेटाळणीच्या शब्दात उरला आहे. म्हणजे थोराडमध्ये आकार मूळचा आणि वय मागून आलेले. तरीही आपल्याकडची मंडळी चुकत होती असे मी म्हणणार नाही, कारण वाढत्या मुलाचे वय आपण उंची आणि हाड पाहूनच ताडतो, आणि ज्या खुणेवरून वय ताडायचे तिचाच शब्द वयाला चिकटणे स्वाभाविक आहे. ‘मोठा’ हा शब्दही दोन्ही कामे करतोच.

शब्दनिष्ठ : असा दुहेरी अर्थाचा शब्द ठेवण्यापेक्षा ‘प्रौढदर्शी’ असा स्वच्छ शब्द घडवावा. ‘उमर’, ‘अजमास’ यांसारखे परके शब्दही अनुवादात टाळावेत. ‘वय’ आणि ‘अंदाज’ हे आपले शब्द असताना त्यांची गरज काय?

ताम्रपट : ‘अंदाज’ही फारसीच आहे. अनोळखी मृतदेहाच्या पंचनाम्यात ‘अंदाजे वय ३५ ते ४० वर्षे, बांधा मध्यम’ असे लिहिलेले असते, आणि तो शब्द परका आहे असे वाचताना कोणाच्या मनातही येत नाही. ‘प्रौढदर्शी’ मात्र कोणत्याही कंडक्टरच्या तोंडी शोभणार नाही.

रानवाट : वय ओळखण्याचे सर्वांत नेमके शब्द बैलबाजारात आहेत. पक्का दात न आलेला तो आदत, दोन पक्के दात आलेला दुसा, चार आलेला चौसा. माणसाच्या बाबतीत मिसरूड फुटण्यावर किंवा अक्कलदाढेवर इतका भरवसा ठेवता येत नाही. दाढ १७ ते २५ या वयात केव्हाही येते, आणि काहींना येतच नाही.

ओसरी : ‘चाळिशी’ला आपण विसरलो. वयाचेच नाव चष्म्याला मिळाले, आणि ते सार्थ आहे, कारण डोळ्यातील भिंग ताठर होत जाऊन जवळचे वाचणे अवघड होते ते साधारण त्याच वयात. केसांना कलप लावता येतो, पण वर्तमानपत्र हातभर लांब धरून वाचणाऱ्याचे वय लपत नाही.

गोदाकाठ : चाळिशीचा उल्लेख मोलाचा आहे, पण माझ्या मुलाला तिचा उपयोग नाही. थोराड ठेवू की काढू?

रानवाट : आमच्या भागात दाती पूर्ण झालेल्या बैलाला ‘जुळलेला’ म्हणतात. साताऱ्याकडे काय म्हणतात?