मदत हवी आहे : बहुक्षेत्री विद्वानांची यादी, निकष कसा लावायचा?

अनेक विषयांत खोलवर काम केलेल्यांची टिपणं तयार करतोय. निकष कडक ठेवलाय: किमान दोन दूरच्या क्षेत्रांत मूळ काम हवं, आणि ते त्या-त्या विषयातल्या जाणकारांनी वापरलेलं हवं. नुसती आवड किंवा अफाट वाचन धरत नाही. बहुतेक याद्या तिथेच फसतात.

इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस यंग सहज बसतो: प्रकाशाचं व्यतिकरण (प्रकाशलहरी एकमेकींत मिसळणं), डोळ्यातल्या दृष्टिवैषम्याची (astigmatism) मोजणी, शिवाय इजिप्तच्या प्राचीन लिपीचा उलगडा करायला उपयोगी पडलेल्या रोझेटा शिलालेखावरचं काम. लिओनार्दोची शरीररचनेची चित्रं अप्रतिम, पण हयातीत छापली गेली नाहीत. मग धरायची का?

खरी अडचण गणिती आणि इतिहासकार दामोदर कोसंबींची. गुणसूत्रावरच्या जनुकांमधलं अंतर काढण्याचं त्यांचं १९४४ चं सूत्र आजही वापरात आहे, संस्कृत कवी भर्तृहरीच्या काव्याची त्यांनी केलेली चिकित्सक आवृत्तीही (हस्तलिखितं ताडून ठरवलेला पाठ) पक्की. प्रश्न आहत नाण्यांवरच्या (ठसे ठोकून बनवलेली प्राचीन भारतीय नाणी) त्यांच्या कामाचा. नाणी हातोहात फिरताना झिजतात, म्हणून सरासरी वजन घटतं आणि वजनांतला फरक वाढतो. त्यावरून एकाच ठिकाणी एकत्र सापडलेल्या साठ्यातल्या नाण्यांचा कालक्रम लावायचा, ही त्यांची पद्धत. पण गंज चढला किंवा रसायनाने जोरात साफ केलं की वजन बदलतं आणि हिशोब बिघडतो.

नाणकशास्त्र जाणणाऱ्यांनी कृपया सांगावं: आज ही पद्धत कितपत ग्राह्य धरतात? साफसफाईतली घट कशी वजा करतात?