बेघर स्त्रियांसाठी आमच्या क्लबने नेमकं काय सुरू करावं? सल्ला हवा आहे

मृद्गंध

नमस्कार मंडळी. आमचा सेवाभावी क्लब लहान आहे, पस्तीसेक सभासद. यंदा सेवा प्रकल्पांची जबाबदारी माझ्याकडे आली आहे आणि बेघर स्त्रियांसाठी काहीतरी करायचं असं कार्यकारिणीत ठरलंय. ते 'काहीतरी' म्हणजे काय, हे मात्र कुणालाच सांगता येत नाहीये.

गेल्या हिवाळ्यात आम्ही ब्लँकेटं वाटली. एका बाईंना ब्लँकेट दिलं, तर त्यांनी ते हातात घेतलं, वजन अजमावलं आणि परत केलं. म्हणाल्या, "दिवसभर हे कुठे वागवू? त्यापेक्षा दार आतून लागेल अशी न्हाणी कुठे असेल तर सांगा." माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री मला झोप आली नाही.

बजेट बेताचं आहे, पण माणसं आहेत: दोन दातांचे डॉक्टर, एक वकील, बँकेतले तिघं, एक सुतारकाम करणारे. शिवाय क्लबचा हॉल आठवड्यातून तीन दुपारी रिकामा असतो. कुणी असं काम केलंय का? एखाद्या निवाऱ्याशी जोडून घ्यावं की स्वतंत्र काही करावं? काय करू नये, हेही सांगा.

रात्रपाळी

त्या बाईंनी तुमचा अर्धा आराखडा करून दिलाय. मी स्त्रियांच्या निवाऱ्यात नऊ वर्षं रात्रीच्या पाळीला आहे, त्या अनुभवावरून लिहिते.

बेघर बाई सहजासहजी दिसत नाही, कारण दिसणं तिला परवडत नाही. रात्री ती चालत राहते. नाहीतर रुग्णालयाच्या बाकावर, आत आपलं कुणी दाखल असल्यासारखी, पहाटेपर्यंत बसून राहते आणि दिवसा उजेडात कुठेतरी डोळा लावते. काही जणी ओळखीच्यांकडे चार दिवस इथे, चार दिवस तिथे अशा काढतात. त्या छपराची जी किंमत मोजावी लागते, ती कुणाला सांगता येत नाही. रात्री रस्त्यावरची डोकी मोजून जी गणती होते, तिच्यात या बायका येतच नाहीत. फेआन्त्सा या बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थांच्या युरोपीय महासंघाने २००५ मध्ये बेघरपणाचं वर्गीकरण मांडलं, त्यात नाइलाजाने नातेवाइकांकडे राहणाऱ्या आणि घरातल्या हिंसाचाराच्या छायेत राहणाऱ्या व्यक्तीही धरल्या आहेत, ते यासाठीच.

म्हणून रस्त्यावर वाटप करायला निघालात तर तुमच्या हाती फार थोड्या लागतील. त्यांना येता येईल अशी जागा उघडा. तुमचा हॉल हीच तुमची सगळ्यात मोठी देणगी आहे. तिथे न्हाणी असेल तर उत्तमच. स्वच्छ संडास, गरम पाणी, मोबाइल चार्ज करायला प्लगची पट्टी, कुलूप लागणारे चार कप्पे. आणि बसल्या बसल्या डुलकी लागली तर कुणी उठवणार नाही, एवढी मोकळीक.

वस्तूंचं म्हणाल तर आमच्याकडे कपड्यांचे ढीग येतात, पण अंतर्वस्त्रं क्वचितच. ती नवीन हवीत, वेगवेगळ्या मापांची हवीत आणि बाईने आपल्या हाताने निवडलेली हवीत. एकदा एका मुलीसमोर मी ब्रांचा खोका ठेवला. तिने तीन बाजूला काढल्या, एक अंगाशी धरून बघितली आणि मग कितीतरी वेळ नुसती ती हातात घेऊन बसली. दोन वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी माप विचारलं होतं.

पॅड देताना हिशोब करून द्या. पाच दिवस, दिवसाला चार धरले तरी एका पाळीला २० लागतात. आठ-दहाचं एक पाकीट देऊन आपण मोकळे होतो, तिचे पुढचे तीन दिवस तसेच राहतात. पाळीचा कप (पुन्हा पुन्हा वापरता येणारा) किंवा कापडी पॅड देण्याचा मोह होतो, पण कप उकळायला आणि कापड धुऊन उन्हात वाळवायला जागा लागते, तीच तर तिच्याकडे नाही. वयस्क बायकांना लघवीवर ताबा राहत नाही, त्यांच्यासाठीचे जाड पॅड कुणालाच आठवत नाहीत. तेही ठेवा. मागावं लागू नये म्हणून संडासातच कपाट करून ठेवा. स्कॉटलंडमध्ये २०२२ पासून सार्वजनिक ठिकाणी अशी साधनं मोफत मिळण्याची कायद्यानेच सोय आहे. तत्त्व तेच, हात पसरायला लागू नये.

जुनाजाणता

रात्रपाळीताईंच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन. मी क्लबांच्या बाजूने लिहितो. रोटरीत अठ्ठावीस वर्षं काढली आहेत.

आपल्यासारख्या क्लबांचं मोठं दुखणं म्हणजे वर्ष संपतं. रोटरीत १ जुलैला नवा अध्यक्ष येतो आणि त्याला स्वतःचा प्रकल्प हवा असतो. आधीच्याने सुरू केलेलं काम बंद पाडायची इच्छा कुणाचीच नसते, पण ते विझतं. मदतीच्या कामात हे घातक आहे. सहा महिने दार उघडं ठेवून सातव्या महिन्यात बंद करणं हे मुळात न उघडण्याहून वाईट, कारण तोवर कुणीतरी त्या दारावर विसंबलेलं असतं. तेव्हा पहिल्याच बैठकीत तीन वर्षांचा ठराव लिहून घ्या, आणि सध्याच्या, पुढच्या व त्यापुढच्या अशा तिन्ही अध्यक्षांच्या सह्या घ्या.

दुसरं, आधी विचारा, मग ठरवा. रोटरी फाउंडेशनचं ग्लोबल ग्रँट मागताना स्थानिक गरजांची पाहणी करणं सक्तीचं आहे. त्या ग्रँटचं किमान बजेट ३०,००० डॉलरचं, म्हणजे तुमच्या आवाक्याबाहेरचं. पण पाहणीची शिस्त फुकट उचलण्यासारखी आहे. दहा बायकांशी आणि निवाऱ्यातल्या चार कर्मचाऱ्यांशी निवांत बोललात तरी आराखडा पालटेल.

स्त्रियांचे म्हणून जे सेवाक्लब आहेत त्यांच्याशीही बोला. झोन्टा १९१९ चा, सोरॉप्टिमिस्ट १९२१ चा, इनर व्हील १९२४ चा. सोरॉप्टिमिस्टांचे पुरस्कार घराचा मुख्य आर्थिक भार उचलणाऱ्या बाईला शिक्षणासाठी पैसे देतात, निवाऱ्यातून बाहेर पडून शिकू पाहणाऱ्या बाईला त्याचा उपयोग होऊ शकतो.

एक गोष्ट मनाला लागलेली म्हणून लिहितो. आमच्या रोटरीत बायकांना सभासद होऊ द्यावं की नाही, हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते क्लबने १९७७ मध्ये तीन स्त्रियांना घेतलं म्हणून त्याची मान्यता काढली गेली. १९८७ मध्ये निकाल स्त्रियांच्या बाजूने लागला आणि १९८९ मध्ये जगभरातल्या क्लबांचा नियम बदलला. त्याआधी कित्येक दशकं आम्ही बायकांसाठीचे प्रकल्प बायकांना बाहेर ठेवून आखत होतो. तुमच्या समितीत निर्णय स्त्री सभासदांच्या हातात ठेवा, आणि रस्त्यावरचे दिवस काढलेली निदान एक बाई त्या टेबलाशी बसू द्या. चहापाण्याला नव्हे, मत द्यायला.

कायदेकानू

वकील सभासद आहेत हे वाचून बरं वाटलं. घर गेलेल्या बाईची कागदपत्रं बहुधा गेलेली असतात, किंवा ज्या घरातून ती पळाली तिथेच राहिलेली असतात. ओळखपत्र नाही म्हणून खातं नाही, खातं नाही म्हणून पगार नाही, पत्ता नाही म्हणून ओळखपत्र नाही. हे चक्र एका ठिकाणी तोडलं तरी पुढच्या गोष्टी हलतात. आठवड्यातून एक दुपार वकील आणि बँकेतला एक माणूस हॉलवर बसवा. टपाल यायला क्लबचा पत्ता वापरता येईल का, हे स्थानिक नियमांत तपासून घ्या.

सावधगिरीची गोष्ट ठळक लिहिते. फोटो नाही. अहवालाला नको, देणगीदारांना नको, क्लबच्या पानावरही नको. मारहाणीमुळे घर सोडलेल्या बाईला शोधत कुणीतरी फिरत असतं, आणि मागच्या भिंतीवरच्या एका फलकावरून ठिकाण ओळखू येतं. "तिच्या घरच्यांशी बोलून समेट घडवू" असं एखादे ज्येष्ठ सभासद चांगल्या मनाने म्हणतील. त्यांना तिथेच थांबवा. ती सांगेल तरच, ती सांगेल त्यालाच फोन.

पायवाट

ब्लँकेटांची बाजूही कुणीतरी घ्यायला हवी. कडाक्याच्या थंडीत ती जीव वाचवतात. वाटू नका असं नाही, पण हलकी, घडी लहान होणारी घ्या आणि ती ठेवायला जागा द्या.

माझं मुख्य म्हणणं निराळं आहे. न्हाणी, कपाट, पॅड हे सगळं हवंच, पण बेघर बाईला शेवटी घर लागतं. न्यूयॉर्कमध्ये १९९२ मध्ये सॅम त्सेम्बेरिस यांनी 'आधी घर' ही पद्धत सुरू केली. आधी व्यसन सोड, उपचार घे, मग घर, असल्या अटी काढून टाकल्या. आधी किल्ली हातात, बाकीची मदत त्यासोबत. फिनलंडने २००८ पासून हेच देशभर नेलं आणि सामायिक निवाऱ्यांच्या जागी स्वतःचा भाडेकरार असलेल्या सदनिका आणल्या.

तुमचा क्लब घरं बांधू शकणार नाही, पण घर मिळालेल्या बाईची पहिली रात्र सांभाळू शकतो. रिकाम्या खोलीत, उघड्या फरशीवर, एका पिशवीनिशी ती पहिली रात्र काढते आणि तिथेच धीर सुटतो. गादी, चादर, एक पातेलं, बल्ब, बादली, मजबूत कुलूप. शिवाय भाड्याची अनामत देण्यापुरता एक फिरता निधी. आणि मुलांचं विसरू नका. बऱ्याच निवाऱ्यांत ठरावीक वयापुढच्या मुलग्यांना प्रवेश नसतो, मग चौदा वर्षांच्या पोरासाठी आई बाहेरच राहते. तिला निवारा सुचवणं फुकट आहे, तिला खोलीच लागते.

शेवंती

मी एरवी इथे फक्त वाचते. माझे सात महिने असे गेले आहेत, म्हणून लिहिते.

मला काय मिळालं ते फारसं आठवत नाही. दर मंगळवारी येणाऱ्या एक बाई आठवतात. त्यांनी पहिले पाच मंगळवार मला काहीच विचारलं नाही. शेजारी बसायच्या, माझं नाव घेऊन "येते हं" म्हणून जायच्या. सहाव्या मंगळवारी मी आपण होऊन सांगितलं की दाढ दुखते. त्यांनी दाताच्या डॉक्टरांकडे नेलं. दाढ दुखायची थांबल्यावर मी पहिल्यांदा चार तास सलग झोपले आणि उठल्यावर कामाचा विचार करू शकले.

तुमच्याकडे दोन दातांचे डॉक्टर आहेत म्हणून मुद्दाम लिहिलं. तोंड दाखवायची लाज वाटते हो. कामासाठी मुलाखतीला गेलं की हात आपोआप ओठांवर जातो. आणि माणसं बदलत राहू नका. दर वेळी नव्या चेहऱ्याला पहिल्यापासून सगळं सांगायला जीव नको म्हणतो.

मृद्गंध

शेवंतीताई, तुम्ही हे लिहिलंत, फार फार आभार. तुमचा प्रतिसाद मी बैठकीत तुमचं टोपणनावही न घेता वाचून दाखवला. दोन्ही डॉक्टरांनी तिथल्या तिथे महिन्याचा एक-एक दिवस दिला.

सगळ्यांनी सांगितलेलं घेऊन असं ठरलंय: स्वतंत्र निवारा नाही, इथल्या निवाऱ्याला जोडूनच काम. तीन दुपारी हॉल उघडा राहील, दर वाराला ठरलेल्या दोघीजणी. तीन वर्षांच्या ठरावावर तिसऱ्या वर्षासाठी नाव ठरलेल्या अध्यक्षांची सही अजून बाकी आहे, ती आली की सुरुवात. 'पहिल्या रात्रीचा संच' दोन कुटुंबांनी आधीच जमवलाय. फोटोंवरून बरीच वादावादी झाली, पण ठराव मंजूर झाला.

न्हाणीच्या दाराला आतून कडीच नव्हती. सुतारकाम करणारे दादा उद्या बसवणार आहेत. रात्रपाळीताई, कडी कशी हवी?

रात्रपाळी

आडणा किंवा साधा बोल्ट नको. आतून लागणारी, पण अडीअडचणीला बाहेरून चावीने उघडता येईल अशी घ्या. कमजोर बायका गरम पाण्याच्या वाफेत चक्कर येऊन पडतात, आमच्याकडे दोनदा दार फोडावं लागलंय. बाहेरची चावी त्या दिवशीच्या दोघींपैकी एकीकडेच राहू दे, आणि अशी चावी आहे हे आत जाणाऱ्या प्रत्येक बाईला आधी सांगा. दार उघडण्यापूर्वी नावाने तीन हाका मारायच्या. आत एक स्टूल ठेवा, आणि कपड्यांची पिशवी टांगायला दाराच्या आतल्या बाजूला, नजरेसमोर राहील असा खुंटा. पिशवी डोळ्यांआड गेली तर ती आंघोळ करणार नाही.