मंडळीत नाव असणं: तुमचा अनुभव लिहा

मराठीत ‘मंडळी’ हा शब्द किती कामाला येतो बघा. ‘काय मंडळी, जेवलात का?’ म्हटलं की घरातले सगळे. जुन्या माणसांच्या तोंडी ‘आमची मंडळी माहेरी गेलीय’ म्हणजे बायको. आणि आपल्या बायबलात मंडळी म्हणजे चर्च. म्हणजे इमारत नव्हे, माणसं.

२०२० च्या मार्चमध्ये चर्चची दारं बंद झाली आणि उपासना मोबाईलवर आली. मी ती कुकरच्या शिट्ट्या मोजत ऐकली. दारं उघडली तरी वर्षभर गेले नाही. देव घरातही आहेच की! शेवटी एका रविवारी गेले, तर उजवीकडच्या तिसऱ्या बाकावर नेहमीच्या आजी. त्यांनी शेजारची कापडी पिशवी उचलून मांडीवर घेतली. म्हणाल्या, ‘आलीस? तुझी जागा धरून धरून कंटाळले मी.’

त्या आठवड्यात नव्या करारातल्या रोमकरांस पत्राचा, म्हणजे प्रेषित पौलाने रोमच्या विश्वासणाऱ्यांना लिहिलेल्या पत्राचा, १६ वा अध्याय वाचला. एरवी आपण तो सोडूनच देतो, कारण सगळी नावंच. किंख्रियाच्या मंडळीची फीबी, प्रिस्का आणि अक्विला आणि त्यांच्या घरात जमणारी मंडळी, रूफ आणि त्याची आई. त्या आईला पौल आपलीही आई म्हणतो. म्हणजे तिने त्याला कधीतरी जेवू घातलं असणार, रागावलीही असेल. नवा करार वाचताना मला तरी कुणी एकटा, कुठल्याच मंडळीचा नसलेला विश्वासणारा सापडला नाही. ‘एकमेकांची ओझी वाहा’ ही आज्ञा एकट्याने पाळायची कशी?

तर लिहा. अनुभव स्वतःचा हवा. चर्चचं किंवा पाळकांचं नाव नको, आपल्याला भांडण काढायचं नाहीये.

फाईलवाला
मी नोकरीसाठी नगरहून पिंपरीला आलो तेव्हा आमच्या पाळकांनी सभासदत्वाचं पत्र दिलं. नव्या मंडळीत द्यायचं असतं ते. मी ते मार्कशीटच्या फाईलमध्ये ठेवलं, ते चार वर्षं तिथेच. रविवारी जायचो, शेवटच्या बाकावर बसायचो, आशीर्वाद झाला की बाईक काढायचो. घरचे अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतले, इथलं चर्च मुळात अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतलं), म्हणून परकं वाटतं असं कारण सांगायचो. खरं तर १९७० ला नागपुरात सहा परंपरा एक होऊन उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली, त्यात या दोन्ही आल्या. कारण फुसकंच होतं.

मग बाबा गेले, इथेच, माझ्याकडे असताना. रात्री अकराला कुणाला फोन करायचा हेच कळेना. नंबरच नव्हता कुणाचा. शेवटी वॉचमनने शेजारच्या बिल्डिंगमधलं एक ख्रिस्ती कुटुंब शोधून आणलं. तासाभरात सातजण घरात होते. एकाने पेटीचं बघितलं, एकाने कब्रस्तानाचं, आणि एक मावशी काही न बोलता ओट्याशी जाऊन चहा करायला लागल्या. साखर कुठेय एवढंच विचारलं. मी त्यांच्या शेजारी चार वर्षं बसलो होतो आणि मला त्यांचं नाव माहीत नव्हतं.

स्पष्टवक्ती
हे सगळं छान आहे, पण दुसरी बाजूही येऊ द्या. आमच्या मंडळीत निवडणूक म्हणजे ग्रामपंचायतीच्या वर. दोन गट, मालमत्तेचा वाद, कोर्टकचेरी. माझ्या वडिलांनी हिशेब मागितला तर पुढच्या रविवारी त्यांच्याशी कुणी हात मिळवेना. शांतीची खूण करायची वेळ आली आणि डावीउजवीकडच्यांनी माना फिरवल्या. ते मी पाहिलंय. त्यानंतर दोन वर्षं आम्ही कुठेच गेलो नाही आणि खोटं कशाला बोलू, हायसं वाटलं.

परत जायला लावलं ते पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राने. तिथेही भाऊ भावावर फिर्याद करतोय, गट पडलेत, प्रभुभोजनात (येशूच्या आठवणीत भाकर-द्राक्षारस घेण्याच्या विधीत) एक उपाशी तर दुसरा प्यायलेला. आणि अशांना पौल पहिल्याच ओळींत ‘देवाची मंडळी’ म्हणतो! मला आधी रागच आला. पण मी जुन्या जागी गेले नाही. आता आम्ही बारा-पंधरा जण एका घरी जमतो, वडीलमंडळ (देखरेख करणारे ज्येष्ठ) आहे, हिशेब दर महिन्याला भिंतीवर लावतो. कुणाला ‘मंडळी सोडू नका’ असं सांगताना आधी तिथे त्यांच्यावर काय गुदरलं ते विचारा, एवढीच विनंती.

खाडीपलीकडची
आम्ही वसईचे कॅथलिक. आमच्याकडे ‘कुठल्या चर्चला जायचं’ हा प्रश्नच नसतो, जिथे राहता तो तुमचा धर्मग्राम. आवडला तरी तुमचा, नाही आवडला तरी तुमचाच. प्रॉटेस्टंट मैत्रिणींना हे जाचक वाटतं. मला बरं वाटतं, कारण ज्या शेजाऱ्याशी विहिरीवरून भांडण, त्याच्याच बाजूला मिस्साला (रविवारच्या उपासनेला) उभं राहावं लागतं. निवडायची मुभा असती तर मी नक्की लांब पळाले असते.

ओवीप्रेमी
घरी बसणारे सगळे एकच वचन सांगतात: जिथे दोघे-तिघे माझ्या नावाने जमले, तिथे मी आहे. मीही सांगायचो. मग कुणीतरी दाखवलं की मत्तयच्या शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायात त्याच्या तीनच ओव्या (वचनं) आधी ‘मंडळीला सांग’ आहे. विषय चालू आहे चुकलेल्या भावाला परत आणण्याचा. एकट्यात सांग, मग एक-दोघांना घेऊन जा, तरी ऐकलं नाही तर मंडळीला सांग. आता मोबाईलवरच्या उपासनेत मला माझी चूक कोण सांगणार? तिथे तर मी पाळकांनाच म्यूट करतो.

वाटसरू
मग तो कूशी, म्हणजे इथिओपियाचा, षंढ? प्रेषितांची कृत्ये, ८ वा अध्याय. रथात बसून यशया वाचतोय, फिलिप्प भेटतो, वाटेत पाणी दिसतं, बाप्तिस्मा होतो आणि तो आनंद करत आपल्या वाटेने जातो. ना मंडळी, ना रजिस्टर.

विनानाव
वाटसरू यांच्या खाली लिहितो, कारण मी त्याच रथात आहे. दहा वर्षं येशूला मानतो. बाप्तिस्मा घेतलेला नाही. घरात आई आहे, ती कोलमडेल. आणि दुसरं, जे चर्चमध्ये कुणी मोठ्याने बोलत नाही: जातीचा दाखला. १९५० च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा आधी हिंदूंनाच होता, १९५६ ला शिखांना आणि १९९० ला बौद्धांना मिळाला, ख्रिस्ती माणसाला अजून नाही. रजिस्टरात नाव घालणं म्हणजे माझ्या मुलीच्या शिक्षणाचा प्रश्न. ज्यांची नावं आजोबांपासून आयती आहेत त्यांनी ‘नाव का देत नाहीस?’ हे जरा हळू विचारावं.

पण मी एकटा नाही. एक कुटुंब मला दर बुधवारी जेवायला बोलावतं. आधी प्रार्थना, मग भाकरी. प्रभुभोजनाच्या दिवशी चर्चमध्ये, बाप्तिस्मा नाही म्हणून, मी बाकावर बसून राहतो, सगळे पुढे जातात. ती दोन-तीन मिनिटं फार लांब असतात.

नगरचा म्हातारा
विनानाव, तुमच्यावरून कवी नारायण वामन टिळक आठवले. १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, मिशनचं काम केलं आणि १९१७ ला ते सोडून ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही जागा होती. पुष्कळ मिशनरींना ते पटलं नाही, आणि १९१९ ला टिळक गेलेच. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. संस्थेवर एवढे नाराज होऊनही ते एकटे ध्यानाला बसले नाहीत. बाहेर पडून काढलं काय, तर दरबार. दरबाराला माणसं लागतात.

शुक्रवारकर
आखातात होतो तेव्हा उपासना शुक्रवारी, सुट्टीच तेव्हा. नऊ मराठी माणसं, पेटी नाही, टाळ्यांवर टिळकांचे अभंग. पुण्यात आता ऑर्गन आहे, प्रोजेक्टर आहे. ते नऊजण आठवतात.

धागाकर्ती
स्पष्टवक्ती, तुझ्या वडिलांचं वाचून गप्प झाले. याला ओवी काढून उत्तर देणार नाही. विनानाव, ‘नाव का देत नाहीस’ हे मीही विचारलंय कुणाला तरी, आणि हळू विचारलं नव्हतं.

आमच्याकडे येत्या रविवारी कापणीचा सण आहे. वेदीपुढे ज्वारीची कणसं, भोपळे, कोंबड्या, उपासनेनंतर लिलाव. गेल्या वर्षी आजींचं एक अंडं तीनशे रुपयांना गेलं, घेणाऱ्याने तिथेच परत अर्पण केलं, मग पुन्हा दोनशेला गेलं. आजी म्हणाल्या, कोंबडीला सांगायला हवं.

फाईलवाला, त्या पत्राचं पुढे काय झालं?

फाईलवाला
अजून फाईलमध्येच. सही केलेले पाळक आता हयात नाहीत. चालेल का ते?

नगरचा म्हातारा
चालतं. द्या.